खाणावळवालीची पत

हॉटेल धंद्यातला मोठा माणूस कोण, असं विचारलं की मराठी माणसाच्या तोंडी ठरलेली काही नावं येतात. ‘ऑर्किड’वाले विठ्ठल कामत. पुण्याच्या ‘वैशाली’चे जगन्नाथ शेट्टी. या माणसांच्या गोष्टी आपण आवडीनं वाचतो आणि त्या वाचण्यासारख्या आहेतही. थोड्याफार फरकानं त्यांचा साचा एकच असतो: साधी सुरुवात, पडेल ते काम, जिभेवर आणि हिशोबावर पक्की पकड, आणि शेवटी स्वतःच्या नावाची पाटी. यात एक माणूस पायऱ्या चढत वर जातो. त्याच्यामागे चुलीपाशी जे उभे होते त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र या साच्यात कधी येत नाही.

आता जरा वेगळ्या टोकानं सुरुवात करू. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ या पाच तालुक्यांतून कितीतरी पोरंपोरी शिकायला किंवा स्पर्धा परीक्षेसाठी नांदेडला, संभाजीनगरला, पुण्याला जातात. खोली मिळाली की पुढचा प्रश्न एकच, मेस कुठली लावायची? कुणीतरी एका काकूंचं नाव सांगतं. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत सतरंजी, मागे गॅसच्या दोन शेगड्या. काकूंचं आडनावही पोरांना धड माहीत नसतं, पण रोज पंचवीस-तीस जणांची पोटं त्यांच्या हातावर भरतात. हाही हॉटेल धंदाच आहे. फक्त पाटी नाही.

बिनपाटीच्या या धंद्यात नेता कसा असतो? त्याचं उत्तर शोधायला पन्नास वर्षं मागे, मुंबईच्या गिरणगावात जावं लागतं.

भोंगा आणि भाकरी

मुंबईत पहिली कापड गिरणी काढायचं ठरलं १८५४ साली. पुढच्या शंभर वर्षांत लालबाग, परळ, भायखळा, वरळी, डिलाईल रोड हा सगळा पट्टा गिरण्यांनी आणि चाळींनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसं आली, पण बहुतेक एकटीच आली. बायकोपोरं गावी, शेताचा तुकडा गावी, आणि इथे दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधरा जण. पाळ्या वेगवेगळ्या असल्यानं एक जण उठला की दुसरा त्याच जागी पथारी टाकायचा. अशा खोलीत चूल पेटणार कुठे?

म्हणून खाणावळ. आणि ही खाणावळ म्हणजे काही दुकान नव्हतं. चाळीतल्याच एखाद्या खोलीत, कुणा गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा आपल्या घरच्यांसोबत आणखी दहा-वीस जणांचं जेवण रांधायची. जेवणाऱ्याला म्हणायचे ‘मेंबर’. दोन वेळचं जेवण, पैसे पगाराला. खाणावळी जातीनुसार आणि मुलखानुसारही वाटलेल्या होत्या. रत्नागिरीचा माणूस रत्नागिरीच्या चवीकडे जायचा, साताऱ्याचा साताऱ्याच्या. यात गावची ओढ होती तशी शिवाशिवही होती. गिरणगावाला एकजुटीचं गाव म्हणताना पंक्ती वेगवेगळ्या बसत होत्या, हे विसरू नये.

या बायका चुलीपाशी कशा आल्या, त्यालाही एक इतिहास आहे. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. मग रात्रपाळीवर बंदी आली, १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, नवी यंत्रं आली. कायदे बायकांच्या भल्यासाठीच होते, पण मालकांनी हिशोब वेगळा केला: बाईला रजा द्या, पाळणाघर द्या, त्यापेक्षा पुरुषच ठेवा. वर्षागणिक बायकांची संख्या घटत गेली. गिरणीच्या दारातून बाहेर पडलेल्या बाईपुढे कमाईचे जे थोडे रस्ते उरले, त्यात चूल हा एक होता. गिरणीत तिच्या नावाचं हजेरीकार्ड होतं. चुलीपाशी तेही नाही.

उधारीचा धंदा

खाणावळीचा हिशोब समजून घेतला, तरच पुढची गोष्ट कळते.

मेंबर पैसे देणार पगाराला, म्हणजे महिन्यातून एकदा. पण तांदूळ, ज्वारी, तेल, रॉकेल, मासळी रोज लागणार. मधल्या तीस दिवसांचा खर्च कुणी करायचा? खाणावळवालीनं. तिच्याकडे पैसे कुठून येणार? वाण्याच्या उधारीतून. उधारीवर घेणाऱ्याला वाणी भाव चढा लावणार, माल दुय्यम देणार आणि ती तोंड उघडू शकणार नाही. वाण्यानं हात आखडला की सावकार. सावकाराकडे गहाण काय ठेवायचं? आधी पितळी भांडी, मग कानातलं, शेवटी मंगळसूत्र. एखादा मेंबर न सांगता गावी निघून गेला, की त्याच्या महिन्याभराच्या जेवणाचं ओझंही तिच्याच डोक्यावर.

आता हे जरा उलटं करून बघा. पैसे न घेता महिनाभर जेवू घालणं म्हणजे काय? कर्ज देणं. वीस मेंबर असलेली बाई वीस माणसांना दर महिन्याला बिनव्याजी कर्ज देत होती आणि ते द्यायला स्वतः चढ्या व्याजानं पैसे उचलत होती. गिरणगावातल्या हजारो चुली ही एक बँकच होती, जिचा तोटा फक्त बायकांनी सोसायचा. पण व्यवहारात त्यांना ‘पत’ नव्हती. मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक इभ्रत, दुसरा कर्जाची विश्वासार्हता. खाणावळवालीला चाळीत पहिली होती, बँकेत दुसरी नव्हती.

१९७३ हे वर्ष संपता संपता गिरण्यांमध्ये संप झाला. तो ४२ दिवस चालला. पगार नाही, मेंबरांच्या खिशात दमडी नाही, तरी खाणावळवाल्यांनी ताट बंद केलं नाही. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं लिहिली गेली. संप चालला ज्या पोटांवर, ती पोटं कुणी भरली हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानात आलं.

त्या थोड्यांमध्ये प्रेमा पुरव होत्या.

पाहणारी बाई

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. तरुणपणी त्या गोवा मुक्तिसंग्रामात उतरल्या आणि नंतर मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या आणि कामगारांच्या कामात रमल्या. पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले नेते. म्हणजे घरात एका बाजूला गिरणी कामगार, दुसऱ्या बाजूला बँक. या दोन जगांची एरवी गाठ पडत नसे. ती पुरवांच्या घरात पडली.

तो काळही तसाच होता. १९७२च्या दुष्काळानंतर महागाई भडकली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकारानं मुंबईच्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याआधी १९६९ साली १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि १९७२ साली अगदी गरीब माणसाला ४ टक्के व्याजानं कर्ज देण्याची योजना आली होती. कागदावर सगळं होतं. पण लालबागच्या खाणावळवालीला बँकेच्या दारापर्यंत नेणारं कुणी नव्हतं, आणि ती आलीच तर तिला ‘धंदेवाली’ म्हणून ओळखणारा बँकेत कुणी नव्हता.

कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला इथे सोपा रस्ता दिसला असता: मोर्चा काढा, सरकारकडे मागणी करा. चांगल्या मनाच्या समाजसेवकाला दुसरा दिसला असता: बायकांना एकत्र आणा, एक मोठं स्वयंपाकघर काढा आणि त्यांना पगारावर ठेवा. प्रेमाताईंनी यातलं काहीच पहिल्यांदा केलं नाही. बाईला रांधता येतं, मेंबर सांभाळता येतो, वसुलीही येते. तिला कमी पडतं ते खेळतं भांडवल. ते तिच्या हातात, तिच्या नावावर दिलं, तर बाकीचं तिला शिकवावं लागणार नाही. त्यांचं मोठेपण मला या निदानात दिसतं. दुखतंय कुठे हे त्यांनी बरोबर ओळखलं.

१९७५ साली १४ खाणावळवाल्यांना घेऊन ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं राहिलं. बँक ऑफ बडोदानं या बायकांना कर्ज दिलं. तारण म्हणून दाखवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी एकमेकींची हमी घेतली. एका वस्तीतल्या बायकांचा एक गट, गटाची एक प्रमुख, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या विचारणार. हे साधं वाटतं, कारण आज बचत गटामुळे आपल्याला त्याची सवय झाली आहे. पण साल बघा. अहमदाबादमध्ये इला भट यांच्या ‘सेवा’ बँकेला जेमतेम वर्ष झालं होतं. बांगलादेशात महंमद युनूस यांनी जोब्रा गावात छोट्या कर्जांचा प्रयोग सुरू केला तो १९७६ साली. त्या ग्रामीण बँकेला २००६ साली नोबेल मिळालं. लालबाग-परळच्या बायका त्याच वाटेनं त्याच सुमाराला निघाल्या होत्या, आणि त्यांची गोष्ट आपल्याच मुलखात अर्ध्या लोकांना माहीत नाही.

ब्रँड नाही, चूल

इथे ‘लिज्जत’ची आठवण येणं साहजिक आहे. १९५९ साली गिरगावात जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा मैत्रिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे तो अख्ख्या देशाचा ब्रँड झाला. मग ‘अन्नपूर्णा’ तशी का झाली नाही?

कारण पदार्थच वेगळा. पापड महिनाभर टिकतो, पेटीत भरता येतो, कुठल्याही गावी एकाच चवीचा विकता येतो. भाकरी आणि कालवण दोन तासांत खावं लागतं. त्याची चव मेंबराच्या गावाला बांधलेली असते. रात्रपाळीहून येणाऱ्यासाठी ताट झाकून ठेवावं लागतं, तापानं फणफणलेल्याला पेज द्यावी लागते. हा धंदा एका छपराखाली आणला असता, तर त्याचं मर्मच गेलं असतं. म्हणून चुली जिथे होत्या तिथेच राहिल्या, मालकीही ज्या त्या बाईची राहिली. एकत्र आली ती फक्त पत.

हॉटेलवाल्यांच्या गोष्टींपासून ही गोष्ट इथे फुटते. तिथे यश मोजतात शाखांवर. इथे मोजायचं झालं तर मोजावं लागेल किती बायकांनी सावकाराकडून भांडी सोडवली, किती जणींनी वाण्याला रोख पैसे देऊन चांगला माल निवडून घेतला, किती जणींनी बँकेच्या कागदावर पहिल्यांदा स्वतःची सही केली. रोखीनं घेतलेल्या पोत्यामागे जे चार पैसे वाचतात तोच तिचा नफा. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही घडलेलं दिसत नाही. तेच घर, तीच चूल, तेच मेंबर.

या कामातून बायकांमध्येच पुढाऱ्या तयार झाल्या. गटप्रमुख बाई म्हणजे काही साहेबीण नव्हे, तीही खाणावळवालीच. पण शेजारणीचा धंदा कसा चाललाय, नवरा पैसे हिसकावून घेतो का, पोराच्या आजारपणात भांडवल खर्ची पडलं का, हे तिला न विचारता कळायचं. बँकेच्या शाखेत बसून हे कळणं शक्य नव्हतं. गटाची हमी टिकली ती या ओळखीवर.

मेंबर गेल्यावर

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. हा संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो विझत गेला. कामगार गावी परतले, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांच्या जागी पुढे मॉल आणि टॉवर उभे राहिले.

खाणावळवालीसाठी याचा अर्थ सरळ होता. मेंबरच उरला नाही. पंधरा-वीस वर्षं ज्यांना जेवू घातलं ते उधारी तशीच ठेवून एसटीत बसले, आणि त्यांना तरी काय म्हणणार? कर्ज कितीही स्वस्त असलं तरी गिऱ्हाईकच नसेल तर ते बुडवतंच. चांगल्या नेत्याची खरी परीक्षा इथे असते. धंदा वाढताना सगळेच शहाणे दिसतात, पायाखालची जमीन सरकल्यावर कोण काय करतो ते बघायचं.

‘अन्नपूर्णा’नं स्वयंपाकाची कला तीच ठेवून गिऱ्हाईक बदललं. गिरणीऐवजी कचेऱ्या, पंक्तीऐवजी डबे, सणासुदीच्या पुरणपोळ्या, समारंभांची जेवणं. मोठ्या ऑर्डरी घेण्यासाठी आता मात्र सामाईक स्वयंपाकघर उभं केलं. पहिल्या दिवशी जे नको होतं ते गरज पडल्यावर केलं. वाशीला नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि प्रशिक्षणाची सोय झाली. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांमध्ये ‘अन्नपूर्णा परिवार’ उभा केला. तिथे कर्जासोबत आरोग्याचा सामाईक निधी आणि पाळणाघरंही आहेत. एकदा आजारपण आलं की धंद्याचं भांडवल दवाखान्यात जातं, हा धडा खाणावळींनीच दिला होता.

या सगळ्याला उगाच सोनेरी मुलामाही देऊ नये. कर्ज मिळालं म्हणून बाईची पहाटे चारची उठबस कमी झाली नाही. नफा थोडाच राहिला आणि घरकाम तिच्याच गळ्यात राहिलं. आणि ‘एकमेकींची हमी’ ही कल्पना पुढे चुकीच्या हातांतही गेली. २०१० साली आंध्र प्रदेशात खासगी मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या वसुलीवरून इतका हाहाकार माजला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. ज्या गटानं बाईला आधार द्यायचा, त्याच गटाला तिच्या दारात बसवून वसुली करायची, ही त्या हमीची दुसरी बाजू. बाहेरून बघता दोन्हीकडे तेच दिसतं: दहा बायका, एक कर्ज, आठवड्याचा हप्ता. फरक असतो कर्ज कशासाठी आणि त्याचा हिशोब कोण ठेवतं यात. एकीकडे बाईचा धंदा बघून कर्ज ठरतं, दुसरीकडे कंपनीचं वाटपाचं टार्गेट बघून.

आपल्याकडे

हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन. इथे गिरण्या नव्हत्या. हळद आहे, सोयाबीन आहे, आणि ऊसतोडीला जाणारी घरं आहेत. पण गिरणगावाशी आपलं नातं आहे, ते बचत गटाच्या मार्गे. योगायोग असा की ‘अन्नपूर्णा’ आणि महाराष्ट्राचं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, दोन्ही एकाच साली, १९७५ मध्ये सुरू झाले. ते संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होतं. आज ‘माविम’ आणि ‘उमेद’चे गट गावोगाव आहेत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायका, बाजाराच्या दिवशी भजी-वड्याची गाडी लावणाऱ्या, लग्नसराईत पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या, हा सगळा आपल्या जिल्ह्यातला अन्नधंदा आहे. ‘रेस्टॉरंट इंडस्ट्री’ म्हटलं की यातलं कुणी डोळ्यांपुढे येत नाही, एवढंच.

सरकारनंही दोनदा स्वस्त ताटाचा प्रयोग केला. १९९५ नंतर १ रुपयात झुणका-भाकर आली. मोक्याच्या सरकारी जागांवर केंद्रं उघडली, आणि योजना गुंडाळली गेल्यावर त्यातल्या बऱ्याच जागा साध्या वडापावच्या टपऱ्या झाल्या. भाकरी थापणारी बाई तिथे मालकीण नव्हती, म्हणून योजना गेली तशी तीही गेली. २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. लॉकडाऊनमध्ये ती ५ रुपयांवर आली, आणि त्या दिवसांत तिनं अनेकांना जगवलं. काही ठिकाणी ही केंद्रं महिला गटांनी चालवली. पण अनुदानावर चालणाऱ्या केंद्राला बिल कधी निघतं याची वाट बघावी लागते. सरकारी बिल येईपर्यंत मधले दिवस कुणी भागवायचे? गिरणगावातला तीस दिवसांचा प्रश्न इथे नव्या कपड्यांत परत येतो.

म्हणून प्रेमाताईंची गोष्ट मला जुनी वाटत नाही. हॉटेल धंद्यातला असामान्य नेता ओळखायचा कसा, याची त्यांच्या कामातून एक साधी कसोटी मिळते. ताट कोण वाढतं हे नाही बघायचं. उधारीचा तोटा कोण सोसतं, बँकेचं खातं कुणाच्या नावावर आहे, आणि गिऱ्हाईक तुटल्यावर चुलीपाशी उभी असलेली व्यक्ती कुठे जाते, हे बघायचं. मोठ्या हॉटेलला ही कसोटी लावा, गावातल्या ढाब्याला लावा, सरकारी योजनेला लावा.

तुमच्या मेसलाही लावून बघा. महिना भरला आणि घरून पैसे आले नाहीत, तर काकू म्हणतात, असू दे, पुढच्या आठवड्यात दे. त्या वाक्यामागे एक कर्ज असतं, आणि ते त्यांनी कुठून तरी उचललेलं असतं. कुठून, हे विचारणारं कुणीतरी भेटावं, यासाठी गिरणगावातल्या बायकांना १९७५ पर्यंत थांबावं लागलं होतं.